सोकोत्राचा बिगोनिया आपल्या जूनमध्ये का दगावतो

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: डिसेंबरात नर्सरीतून आणलेला गच्च दुहेरी पाकळ्यांचा बिगोनिया फेब्रुवारीपर्यंत फुलांनी लगडलेला असतो, एप्रिलमध्ये मलूल होतो आणि जूनचा पाऊस सुरू झाला की आठवड्याभरात बुडातून मऊ पडून जातो. दरवर्षी हेच. खत बदलून झालं, कुंडी बदलून झाली, पाणी कमी करून झालं आणि वाढवूनही झालं. आता तुम्ही वाचलंत की या झाडाचा पूर्वज सोकोत्रा नावाच्या एकाच बेटावर रानात उगवतो. तेव्हा तो मूळ रानबिगोनियाच नाशिकच्या गॅलरीत लावला तर टिकेल का, आणि तो मिळेल कुठे?

यात दोन वेगळी झाडं एकमेकांत मिसळली आहेत. नर्सरीतलं झाड संकरित आहे. त्याच्या अंगात सोकोत्राचं रक्त आहे, पण सोकोत्राची सगळी अक्कल नाही. रानातलं झाड म्हणजे बिगोनिया सोकोत्राना. दोन्ही हिवाळ्यात फुलतात, म्हणून एकच वाटतात. पण उन्हाळा-पावसाळ्यात दोघांचं वागणं अगदी निराळं. तुमची अडचण खतात नाही आणि फारशी पाण्यातही नाही. झाड ज्या ऋतुचक्रासाठी घडलंय ते आणि नाशिकचं ऋतुचक्र यांचा मेळ बसत नाही, हे खरं दुखणं आहे. ते कळायला आधी त्या बेटावर जायला हवं.

सोकोत्रा हे येमेनचं बेट. मुंबईपासून साधारण २,००० किलोमीटर दूर, अरबी समुद्राच्या पार पलीकडच्या टोकाला, आफ्रिकेच्या शिंगासमोर, म्हणजे सोमालियाच्या टोकासमोर. लांबी १३० किलोमीटरच्या आसपास, मध्यभागी हाजहिर नावाचा ग्रॅनाइटचा डोंगर, उंची सुमारे १,५०० मीटर. या द्वीपसमूहात ८२५ जातींच्या वनस्पती नोंदल्या आहेत आणि त्यातल्या ३७ टक्के जगात दुसरीकडे कुठेच नाहीत. छत्रीसारखं दिसणारं 'ड्रॅगन्स ब्लड'चं झाड फोटोत पाहिलं असेल, ते इथलंच. २००८ पासून हा द्वीपसमूह युनेस्कोच्या जागतिक वारशाच्या यादीत आहे.

आपल्या कामाची गोष्ट मात्र वाऱ्याची. जूनपासून सप्टेंबरपर्यंत आपल्याला पाऊस देणारे नैर्ऋत्य मोसमी वारे सोकोत्रावरूनच पुढे येतात. पण तिथे ते पाऊस घेऊन येत नाहीत. ते नुसते सुसाटतात. पूर्वी त्या महिन्यांत बेटाला जहाज लागत नसे. उंच डोंगरावर धुकं अडतं, तिथे थोडा ओलावा राहतो, पण खाली सगळं वाळून कोळ होतं. बेटावर मुख्य पाऊस येतो तो ईशान्येकडच्या वाऱ्यांबरोबर, नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमाराला. म्हणजे आपण छत्र्या काढतो तेव्हा तिथे कोरडं, आणि आपलं आभाळ मोकळं झालं की तिथे ओल. आपल्या पश्चिम किनाऱ्यावरून जाणाऱ्या जुन्या खलाशांना हे वारे तोंडपाठ होते. बेटावरच्या होक गुहेत त्यांनी ब्राह्मी लिपीत खरडून ठेवलेली नावं सापडली आहेत, इसवी सनाच्या पहिल्या काही शतकांतली. बिगोनिया तेव्हाही तिथल्या कड्यांत फुलत असणार. त्यांचं लक्ष गेलं असेल असं काही वाटत नाही.

बिगोनिया सोकोत्राना डोंगराच्या सावलीच्या बाजूला, खडकांच्या भेगांत आणि कपारींत राहतो. पान जवळपास गोल आणि देठ पानाच्या कडेला नाही, तर मधोमध खालून चिकटलेला, त्यामुळे पान मध्यावर जरा खोलगट होतं. फुलं स्वच्छ गुलाबी. पण खरी करामत जमिनीलगत आहे. ओल संपत आली की देठाच्या बुडाशी बारीक कंदिकांचा झुबका तयार होतो. वरचं झाड पूर्ण वाळून जातं, कंदिका भेगेतल्या चिमूटभर मातीत कोरड्या पडून राहतात आणि पुढची ओल आली की कोंब काढतात. या झाडाचा उन्हाळा असा झोपेत जातो.

हे लक्षात ठेवा, कारण पुढे नेमकं हेच हरवलं.

१८८० च्या सुरुवातीला आयझॅक बेली बाल्फर हा स्कॉटिश वनस्पतिशास्त्रज्ञ बेटावर गेला. सोबत एडिनबराच्या बागेतला अलेक्झांडर स्कॉट नावाचा माळी होता. मोहिमेच्या हकिगतींत माळ्याचं नाव सहसा तळटीपेत जातं, पण गोळा केलेलं जिवंत पोचवणं म्हणजे काय हे आम्हा नर्सरीवाल्यांना ठाऊक आहे. १८८१ मध्ये लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानाच्या जोसेफ हूकर यांनी या बिगोनियाला शास्त्रीय नाव दिलं. युरोपातल्या बागायतदारांनी त्यावर झडपच घातली, कारण त्यांच्याकडचे झगमगीत कंदवाले बिगोनिया फुलायचे उन्हाळ्यात, आणि हा पठ्ठ्या ऐन हिवाळ्यात.

मग संकर सुरू झाले. इंग्लंडमध्ये व्हीच यांच्या रोपवाटिकेत दक्षिण अमेरिकेच्या अँडीज पर्वतातून आलेल्या कंदवाल्या बिगोनियांशी याचा संकर केला गेला. १८८३ च्या सुमाराला त्यातून आलेल्या एका वाणाला तिथल्याच संकरकाराचं, जॉन हील यांचं नाव मिळालं. फ्रान्समध्ये नान्सी शहरात व्हिक्टर लेमोआन यांनी दक्षिण आफ्रिकेच्या बिगोनिया ड्रेगेईशी संकर करून 'ग्लुआर द लोरेन' हा वाण काढला, १८९० नंतर लगेचच. पुढे १९५० च्या दशकात जर्मनीत ऑटो रीगर यांनी पहिल्या घराण्यातूनच जास्त दणकट आणि जास्त फुलणारे वाण तयार केले. आपल्याकडे डिसेंबरात विकायला येतो तो बहुतेक वेळा या रीगर घराण्यातला. युरोपात ही झाडं दरवर्षी लाखोंनी विकली जातात.

या संकराचा हिशोब मांडून बघा. आई-बापांपैकी एक हिवाळ्यात जागा राहून उन्हाळ्यात कंदिकांच्या रूपात झोपणारा, दुसरा उन्हाळ्यात जागा राहून हिवाळ्यात जाड कंदाच्या रूपात झोपणारा. पोराला दोघांचंही रूप मिळालं, पण झोपायची सोय एकाचीही धड मिळाली नाही. कंदिका नाहीत, भरवशाचा कंदही नाही. बी बहुधा धरतच नाही. हे झाड माणसानं कलमं करत राहिलं तरच चालू राहतं. कोणी सांगेल, "कुंडी कोरडी करा, कंद काढून ठेवा, दसऱ्याला पुन्हा लावा." रानातल्या जातीला हा सल्ला चालेल. तुमच्या संकरिताची माती कोरडी केलीत तर खाली जपायला काही नसतंच.

दुसरा घोटाळा दिवसाच्या लांबीचा. दिवस साधारण १२-१३ तासांपेक्षा लहान झाले की हा संकरित कळ्या धरतो, आणि दिवस मोठे असले की पानं-फुटवे वाढवतो. युरोपातला उत्पादक त्याला मोठ्या दिवसात वाढवतो, पण काचघरात, १८ ते २२ अंशांत. नाशिकमध्ये डिसेंबरातला दिवस ११ तासांच्या आसपास असतो, तेव्हा फुलं झकास येतात. दिवस मोठे होत जाऊन जूनमध्ये सव्वातेरा तासांवर जातात. म्हणजे झाडाला वाढीचा इशारा मिळतो तो नेमका एप्रिल-मेच्या ३८-४० अंशांत. फुलून थकलेलं झाड, मुळांशी उकाडा, आणि अंगात "वाढ" म्हणून हुकूम. त्यावर जूनची दमट हवा. बुडाशी बुरशी यायला याहून सोयीचं काय हवं? पहिला पाऊस तुम्हाला खुनी वाटतो. प्रत्यक्षात झाड मेमध्येच हरलेलं असतं.

आता करायचं काय, ते तुम्ही कुठे राहता यावर खूपसं अवलंबून आहे. महाबळेश्वर-पाचगणीला हाच संकरित थोड्या निगुतीने वर्षभर ओढता येतो, फक्त पावसाळ्यात छपराखाली आणि वाहत्या हवेत ठेवावा लागतो. पुणे-नाशिकला मेहनत घेतली तर जमतं. मुंबई, कोकण, गोवा इथे रात्रीही गार होत नाही, आणि नागपूरचा मे तर विचारूच नका. तिथल्या गिऱ्हाईकांना मी सरळ सांगते की शेवंतीच्या कुंडीइतकाच जीव लावा: तीन महिने बघा, मग निरोप द्या. यात कमीपणा काही नाही.

तुमच्यासाठी, नाशिकमध्ये, माझी पद्धत जुनं झाड वाचवण्याची नाहीच. मी जुनं झाड सोडून देते आणि पोरं वाचवते. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीच्या मध्यापर्यंत, हवेत गारवा असतानाच, फूल न आलेले शेंड्याचे फुटवे निवडायचे. असे फुटवे तेव्हा कमी असतात, म्हणून डिसेंबरअखेरीस दोन-तीन फांद्यांच्या कळ्या खुडून टाकायच्या. लोकांच्या जिवावर येतं हे, पण सगळ्या फांद्या फुलू दिल्यात तर कलमाला काही उरत नाही. बोटभर लांबीचा फुटवा पेरापाशी कापायचा, खालची पानं काढायची, काप तासभर सुकू द्यायचा आणि निम्मं कोकोपीट, निम्मं परलाईट (नर्सरीत मिळणारे हलके पांढरे दाणे) अशा ओलसर मिश्रणात लावायचा. ओलसर म्हणजे मुठीत दाबलं तर पाणी गळू नये. वरून प्लॅस्टिकची पिशवी घातलीत तर रोज थोडा वेळ उघडून वारा द्या, नाहीतर भुरी धरते. तीन-चार आठवड्यांत मुळं सुटतात. हे झाड छोट्या दिवसात नुसतं फुलत बसतं, म्हणून कलमांवर संध्याकाळी दोन-तीन तास साधा एलईडी दिवा लावते. दिवस लांबलाय असं वाटून ती फुलण्याऐवजी वाढतात. कळी आलीच तर खुडायची.

मार्चपासून ही छोटी झाडं घरातल्या सगळ्यात गार आणि उजेडाच्या खोलीत. पूर्वेची खिडकी उत्तम. गॅलरी नको, कितीही सावली असली तरी. कुंडी मातीची आणि झाडाच्या मानाने लहानच. मोठ्या कुंडीतली न वापरलेली ओल म्हणजे सडण्याला आमंत्रण. पाणी बशीतून द्यायचं, मातीचा वरचा थर कोरडा लागला की. अर्ध्या तासाने बशीत उरलेलं पाणी ओतून टाकायचं. पानांवर पाणी अजिबात नको. मे महिन्यात खत बंद. पावसाळ्यात मंद पंख्याची हवा खेळती ठेवायची. एवढं करूनही काही रोपं जातातच, म्हणून एकाऐवजी पाच-सहा कलमं करा. सप्टेंबरमध्ये उरलेल्यांना नवी माती आणि हलकं खत द्यायचं. ऑक्टोबरनंतर दिवस लहान होतात आणि कळ्या आपसूक येतात. फक्त एक सांभाळा: रात्री उशिरापर्यंत ट्यूबलाइट जळणाऱ्या खोलीत ठेवलंत तर झाडाला दिवस लहान झालाय हे कळणारच नाही आणि डिसेंबर कोरडा जाईल.

आता मूळ रानबिगोनिया. तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण निव्वळ ऋतूंचा विचार केला तर नाशिकच्या हिवाळ्यात तो संकरितापेक्षा जास्त रमायला हवा. त्याची वाढ ऑक्टोबर ते फेब्रुवारी, म्हणजे तुमचे सगळ्यात चांगले महिने. माझ्याकडे, वाईजवळ, ऐन हिवाळ्यात तो फुलतो आणि मार्चमध्ये पानं पिवळी पडायला लागली की मी पाणी तोडते. इथे घाबरून पाणी वाढवायचं नाही. पान गळतंय ते झोपण्यासाठी. पूर्ण वाळला की कंदिका काढून कोरड्या वाळूत, कागदी पिशवीत ठेवायच्या. पुढचे चार-पाच महिने त्यांना उन्हाळा सोसतो. धोका आपल्या पावसाळ्याचा. सोकोत्रात हे महिने रखरखीत असतात, आपल्याकडे भिंतींनाही पाझर फुटतो. म्हणून पिशवी स्वयंपाकघरातल्या वरच्या फडताळात, कोरड्या जागी, आणि पंधरवड्याने एकदा चाचपून मऊ पडलेल्या कंदिका बाजूला काढायच्या. सप्टेंबरअखेर लावायच्या: निचऱ्याची माती, थोडी पानकुज, थोडी खडी, वर पेरभरच थर.

आपल्या सह्याद्रीतले बिगोनिया याच्या बरोबर उलटे चालतात. जुलैत घाटातल्या ओल्या खडकांवर छोटी गुलाबी-पांढरी फुलं दिसतात तो बहुधा बिगोनिया क्रेनाटा. पावसाळ्यात जागा, पाऊस सरला की कंदात गडप. एकच नैर्ऋत्येचा वारा एकाला उठवतो आणि समुद्रापलीकडच्या त्याच्या भावाला झोपवतो. दोघांना एकाच पद्धतीने पाणी घालणारा माळी दोघांपैकी एकाला नक्की मारतो.

पण "मिळेल कुठे" याचं उत्तर तुम्हाला आवडणार नाही. सोकोत्राहून झाडं, बिया, कंद परवानगीशिवाय उचलून आणता येत नाहीत, आणि परदेशातून कुठलंही रोप किंवा बी भारतात आणायला २००३ च्या वनस्पती विलगीकरण आदेशानुसार आयात परवाना आणि त्या देशाचं वनस्पती-आरोग्य प्रमाणपत्र लागतं. पाकिटातून गुपचूप बी पाठवणारे विक्रेते इंटरनेटवर भरपूर आहेत. त्यांच्याकडून घेऊ नका. एक तर बेकायदा, आणि बिगोनियाचं बी धुळीइतकं बारीक असतं, तुम्हाला काय विकलंय हे सहा महिने कळतच नाही. ही जात एडिनबरासारख्या वनस्पती उद्यानांत आणि बिगोनियाचा नाद असलेल्या संग्राहकांकडे लागवडीत आहे. एखाद्या हौशी मंडळाकडून, लागवडीतल्या झाडाच्या कंदिका, कागदपत्रांसह मिळाल्या तर जरूर घ्या. मला मिळाल्या त्या अशाच. वेळ लागला, लागू दे.

हे सोवळं पाळायचं कारण आहे. एका बेटापुरत्या जातीला दुसरं घर नसतं. सोकोत्रात शेळ्या मोकाट चरतात. कडेकपारीत राहतो म्हणून बिगोनिया त्यांच्या तोंडातून बराचसा वाचतो. नोव्हेंबर २०१५ मध्ये चपला आणि मेघ ही दोन चक्रीवादळं आठवड्याभराच्या अंतराने बेटावर आली आणि जुनी ड्रॅगन्स ब्लडची झाडं हजारोंनी उन्मळली. अशा ठिकाणाहून कोणी हौसेपायी मूठभर कंदिका खरवडून आणाव्यात, हे मला पटत नाही. आणि हाच नियम आपल्या घाटालाही लावा. सोकोत्राचा मिळत नाही म्हणून ट्रेकला गेल्यावर खडकावरचा बिगोनिया उपटून आणू नका. तो बाल्कनीत जगतही नाही.

सोकोत्राचंच काहीतरी हवं असेल तर त्या मानाने सोपा पर्याय एक्झॅकम अफिने. हेही रानात फक्त तिथेच सापडतं, पण शंभरेक वर्षांहून जास्त काळ लागवडीत असल्यामुळे लागवडीचं बी अधिकृत कंपन्यांकडून मिळतं. गुडघ्याखालीच राहणारं गोलसर झुडूप, निळी-जांभळी फुलं, मधे ठसठशीत पिवळे परागकोश आणि मंद वास. सप्टेंबरमध्ये बी पेरा, मातीने झाकू नका, त्याला उजेड लागतो. एका हंगामाचं झाड म्हणूनच बघा. याच कुळातली एक्झॅकमं आपल्या सड्यांवर पावसाळ्याच्या शेवटी फुलतात, त्यामुळे फूल पाहून ओळखीचं वाटेल.

आता फेब्रुवारी चाललाय, तेव्हा तुमच्या हातात जेमतेम दोन आठवडे आहेत. आजच झाड उलटसुलट करून बघा आणि बिनफुलाचे फुटवे किती आहेत ते मोजा. एकही नसेल तर निरोगी, पूर्ण वाढलेलं पान देठासकट घ्या आणि देठ त्याच मिश्रणात खोचा. बुडाशी नवी रोपं येतात, फक्त फुटव्यापेक्षा दुप्पट वेळ लागतो. तुम्ही पानांवर डाग आहेत असंही लिहिलंय. पांढरी भुकटी बोटाने पुसली जात असेल तर ती भुरी. ती पानं काढून टाका, वारा वाढवा आणि उरलेल्या झाडाची कलमं बिनधास्त करा. डाग तेलकट, उजेडात धरले तर आरपार दिसणारे आणि भोवती पिवळी कड असलेले असतील तर तो जिवाणूंचा रोग आहे. मग त्या झाडाची कलमं करू नका, कुंडीसकट बाहेर काढा आणि कात्री स्पिरिटने पुसल्याशिवाय दुसऱ्या कुठल्याही बिगोनियाला लावू नका. दोन्हीपैकी कोणते डाग आहेत ते कळवलंत तर पुढचं सांगते.